अग्निशमन-प्रशिक्षणातील आज्ञाभाषा आणि सुरक्षितता

१

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिम अंगाला, छावणी ओलांडून दौलताबादच्या वाटेने निघाले की पडेगाव लागते. मूळचे हे गाव आता शहराच्या विस्तारात मिसळून गेले आहे. मराठी, दखनी आणि हिंदी या तिन्ही भाषा येथे एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात, आणि बोलणारा एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत केव्हा शिरला हे त्याचे त्यालाही पुष्कळदा कळत नाही. २०१८ साली शहरात कचऱ्याचा प्रश्न पेटला. त्यानंतर कचऱ्यावरील प्रक्रियेसाठी महानगरपालिकेने ज्या जागा योजिल्या, त्यांत पडेगावचाही समावेश होता.

साठविलेल्या कचऱ्याला लागणारी आग ही अग्निशामकाच्या दृष्टीने फसवी आग होय. वरची ज्वाळा विझली तरी ढिगाच्या पोटात ती धुमसत राहते. आतला भाग जळून पोकळ होतो आणि वर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांखालचा थर अकस्मात खचू शकतो. अशा ढिगावर होज धरून उभ्या असलेल्या जवानाला खालून कोणीतरी ओरडून सांगते. पंपाचा आवाज चालू आहे, तोंडावर मुखवटा आहे, डोळ्यांपुढे धूर आहे. त्या क्षणी त्याच्या कानी पडलेला शब्द कोणत्या भाषेतला होता, त्याचा कोणता अर्थ त्याला शिकविला गेला होता, आणि तो शब्द अर्धाच ऐकू आला तर काय होईल, हे प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचे वाटतात. वस्तुतः ते जीवितरक्षणाचे प्रश्न आहेत.

अग्निशामकांच्या प्रशिक्षणातील सुरक्षिततेचा विचार साधारणपणे साहित्याच्या अंगाने केला जातो. पोशाख, शिरस्त्राण, श्वसनयंत्र, शिडी, दोर यांची मानके ठरतात, आणि ती ठरलीच पाहिजेत. परंतु हे सर्व साहित्य ज्या आज्ञांनी हालते, त्या आज्ञांचे मानक ठरविणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा विचार केला आहे.

२

प्रशिक्षणातील अपघात हा प्रत्यक्ष आगीतील अपघाताहून एका बाबतीत वेगळा असतो. प्रत्यक्ष आग कोणी लावलेली नसते. प्रशिक्षणातील आग शिक्षकाने स्वतः लावलेली असते. म्हणून तेथील मृत्यूला दैवाची सबब देता येत नाही. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे अशाच एका सरावात दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या घटनेनंतर तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने प्रत्यक्ष ज्वाळांवरील सरावासाठी स्वतंत्र मानक तयार केले. १४०३ या क्रमांकाचे हे मानक १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. पाच प्रशिक्षार्थींमागे किमान एक शिक्षक, केवळ सुरक्षिततेकडे पाहणारा एक स्वतंत्र अधिकारी, सरावापूर्वी संपूर्ण इमारतीतून फेरी, आणि बळी म्हणून जिवंत माणूस आत ठेवण्यास मनाई, अशी बंधने या मानकाने घातली.

भाषेच्या अभ्यासकाने याच मानकातील आणखी एका अटीकडे लक्ष द्यावे. इमारत रिकामी करण्याचा संकेत अगोदर ठरलेला असावा आणि तो सरावात भाग घेणाऱ्या सर्वांना प्रत्यक्ष करून दाखवावा, अशी ही अट आहे. संकेत नुसता सांगणे पुरेसे मानलेले नाही. संकेत आणि अर्थ यांचा संबंध मुळात यादृच्छिक असतो, तो केवळ करारानेच सिद्ध होतो, हा भाषाविज्ञानातील पहिला पाठ होय. ज्यांच्यामध्ये तो करार आधी झालेला नाही, त्यांच्यासाठी शिट्टी हा निव्वळ आवाज आहे.

३

या कराराचे महत्त्व महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांत गोदीचा व आसपासच्या वस्तीचा विध्वंस झाला. आग विझविण्यासाठी गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवसाची हकीकत संकेतांच्या दृष्टीने वाचली तर ती निराळीच दिसते. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावयाचे, असा संकेत होता. या जहाजावर ते नव्हते. घटनेच्या वृत्तांतांत आणखी एक गोष्ट नमूद आहे. गोदीतील अग्निशामक तुकडीच्या प्रमुखाने नियंत्रण कक्षाला ‘क्रमांक दोन’चा संदेश देण्यास सांगितले. स्फोटकांशी संबंधित गंभीर आग असा त्या संदेशाचा अर्थ होता. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला जो टेलिफोन सापडला त्याला तबकडीच नव्हती. त्याने मग जवळची धोक्याची घंटा काच फोडून वाजविली. घंटेच्या भाषेत एकच शब्द होता : ‘आग’. किती मोठी, कशाची, हे सांगण्याची सोय तीत नव्हती. त्यामुळे नेहमीच्या आगीला जेवढे बंब जातात तेवढेच प्रथम निघाले. माणसाने आपले काम केले, घंटेनेही केले. मात्र एका संकेतव्यवस्थेतून दुसरीत जाताना अर्थाचा महत्त्वाचा अंश गळून पडला.

दुसरे उदाहरण लंडनचे आहे. तेथील स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरांत २३ जानेवारी १९५८ रोजी लागलेल्या आगीत दोन अग्निशामक धुरात वाट चुकून मरण पावले. आत कोण गेले, केव्हा गेले आणि त्यांच्या नळकांड्यांत हवा किती उरली, याची बाहेर पद्धतशीर नोंद नव्हती. त्यानंतर ब्रिटनमध्ये श्वसनयंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाची नाममुद्रा बाहेरच्या फलकावर लावण्याची पद्धत रूढ झाली. आत जाणारा आपली मुद्रा देतो. तीवर नाव, नळकांडीतील दाब आणि प्रवेशाची वेळ नोंदविलेली असते. बाहेर आल्यावर तो ती परत घेतो. फलकावर उरलेली मुद्रा म्हणजे आत उरलेला माणूस. येथे लेखन स्मृतीच्या साहाय्याला आले आहे. गोंधळात तोंडी शब्द विरून जातो, फलकावरचा राहतो.

४

भारतीय अग्निशमन सेवेची कवायत ब्रिटिश कवायतीच्या साच्यावर घडली. १९५६ साली रामपूर येथे सुरू झालेले व पुढच्याच वर्षी नागपूरला आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय देशभरच्या अधिकाऱ्यांना शिकविते, आणि तेथे देशातील सर्व भाषांचे विद्यार्थी येत असल्याने इंग्रजी आज्ञा राहणे स्वाभाविक होते. ‘वॉटर ऑन’, ‘नॉक ऑफ’, ‘मेक अप’ या आज्ञा अशा मार्गाने मराठी जवानांच्या तोंडी आल्या.

या आज्ञा इंग्रजी आहेत ही अडचणीची गोष्ट नाही. अडचण अशी की त्यांतील कित्येक शब्द सामान्य इंग्रजीपेक्षाही वेगळ्या अर्थाने वापरले जातात. होजच्या टोकाला ज्यातून पाणी फेकले जाते त्या नळीला ‘ब्रांच’ म्हणतात; नव्या मुलाला हा शब्द बँकेच्या पाटीवरून माहीत असतो. सरकती शिडी वर नेताना ‘एक्स्टेंड’ म्हणतात आणि ती हवी तेथे आली की ‘वेल’ म्हणतात. येथे ‘वेल’चा अर्थ ‘थांबा’ असा आहे. उलटपक्षी ‘स्टॉप’ हा संदेश काम थांबविण्याचा नसतो. आणखी मदत पाठवू नका, आहे ते बळ पुरेसे आहे, असे तो नियंत्रण कक्षाला कळवितो. म्हणजे ज्या शब्दाने थांबावयाचे तो ‘थांबा’ असा दिसत नाही, आणि जो तसा दिसतो त्याने थांबावयाचे नाही. सरावलेल्या जवानाला यात काही वावगे वाटत नाही. पण प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने ही एक नवी भाषा आहे, आणि ती भाषा आहे हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शासनव्यवहारासाठी परिभाषा घडविण्याचे मोठे काम झाले. ‘फायरमन’ला ‘अग्निशामक’, ‘रेस्क्युअर’ला ‘विमोचक’ असे प्रतिशब्द मिळाले. परंतु या परिभाषेने मुख्यतः नामांची सोय केली. पदे, कार्यालये, नमुने यांना नावे मिळाली. आज्ञार्थी क्रियापदे मात्र कवायतीच्या मैदानावर ज्याला जशी सुचतील तशी राहिली. शिक्षक अर्धी आज्ञा इंग्रजीत देतो आणि उरलेली आपल्या बोलीत. अपघाताची शक्यता या उरलेल्या अर्ध्या भागात असते.

५

याचे कारण मराठी आज्ञार्थाच्या घडणीत आहे. ‘सोडणे’ हे क्रियापद पाहावे. ‘पाणी सोड’ म्हणजे पाणी सुरू कर. ‘काम सोड’ म्हणजे काम बंद कर. ‘दोर सोड’ या आज्ञेचे तर दोन परस्परविरोधी अर्थ होतात : दोर हातात राखून हळूहळू ढिला देत जा, किंवा दोर हातातून टाकून दे. ज्याच्या कमरेला त्या दोराचे दुसरे टोक बांधलेले आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक केवळ अर्थच्छटेचा नाही. नेहमीच्या संभाषणात असे अनेकार्थी शब्द संदर्भाने उलगडतात. परंतु धुराने नाहीसा होतो तो संदर्भच. म्हणून ‘ढील द्या’ आणि ‘हात काढा’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा ठरवून, ‘सोड’ हे एकटे क्रियापद दोराच्या कामात निषिद्ध मानणे, हा साहित्याच्या मानकाइतकाच कठोर नियम असला पाहिजे.

दुसरी अडचण निषेधाची. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आज्ञेतील निषेध त्याच्याही नंतर येतो : ‘आत जाऊ नका’. बिनतारी संचावर बोलणारा बटण लवकर सोडतो तेव्हा संदेशाचे शेपूट तुटते. ऐकणाऱ्याच्या कानी ‘आत जाऊ’ एवढेच पडते, आणि निषेधाचा हेतू नेमका उलटतो. तुलनेसाठी हिंदीतील ‘अंदर मत जाओ’ घेता येईल; तेथे निषेध क्रियापदाच्या आधी येत असल्याने शेपूट तुटूनही तो वाचतो. दखनीने मराठीचा ‘नको’ ‘नक्को’ या रूपाने उचलला, पण त्याची जागा बोलणाऱ्याच्या सवयीप्रमाणे बदलते. तेव्हा सुरक्षिततेच्या आज्ञेत निषेध वापरूच नये, हा मार्ग उत्तम. ‘आत जाऊ नका’ याऐवजी ‘बाहेर या’; ‘शिडीवर चढू नका’ याऐवजी ‘खाली थांबा’. अशी आज्ञा अर्धी तुटली तर निरर्थक होईल, पण विपरीत होणार नाही. आणि निरर्थक आज्ञा ऐकणारा निदान पुन्हा विचारील.

संदेशाचे शेपूट तुटते तसे डोकेही तुटते, कारण बटण दाबताक्षणीच बोलू लागल्यास पहिले अक्षर पोहोचत नाही. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ या दोन शब्दांचा उत्तरार्ध एकच आहे. आरंभ गळाला की उरते ते केवळ ‘वीकडे’. धुराने भरलेल्या खोलीत अग्निशामक भिंतीला एक हात लावून पुढे सरकतो; कोणता हात, हेच त्याचे परतीचे सूत्र असते. तेथे अशी संदिग्धता परवडणारी नाही.

६

पडेगावसारख्या बहुभाषिक वस्तीत ही अडचण दुपटीने वाढते. हिंदीत डाव्या बाजूला ‘बाएँ’ आणि उजव्या बाजूला ‘दाएँ’ म्हणतात. भेद फक्त पहिल्या व्यंजनाचा. त्यातही मराठी ‘डावे’ आणि हिंदी ‘दाएँ’ हे ध्वनीने जवळचे पण अर्थाने विरुद्ध शब्द आहेत. मुखवट्यातून येणाऱ्या आवाजात ‘ड’ आणि ‘द’ यांचा भेद सहज पुसला जातो. ‘सीधा हाथ’ म्हणजे उजवा हात, आणि नुसते ‘सीधा’ म्हणजे सरळ. हीही एक भर.

‘धोका’ या शब्दाची गोष्ट याहून उद्‌बोधक आहे. मराठीत धोका म्हणजे संकट. हिंदी-उर्दूत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. सावधगिरीचा शब्द म्हणून मराठी माणसाला तो सर्वांत जवळचा वाटेल, परंतु शेजारच्या जवानाला, किंवा धुरात अडकलेल्या कामगाराला, तो तितक्याच त्वरेने उमजेल अशी खात्री देता येत नाही. ‘खतरा’ हा शब्द मात्र तिन्ही भाषांत एकाच अर्थाने चालतो. विजेच्या खांबावर तो सर्वांनी वाचलेलाही असतो.

हा विचार केवळ पडेगावापुरता नाही. याच शहरात महानगरपालिकेचे, औद्योगिक विकास महामंडळाचे आणि विमानतळाचे अशी वेगवेगळी अग्निशमन दले आहेत, आणि मोठ्या आगीत ती एकत्र येण्याचा प्रसंग असतो. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्हा परिषदेच्या मैदानावरील फटाक्यांच्या बाजाराला आग लागून शंभराहून अधिक दुकाने जळाली. फटाक्यांच्या अखंड कडकडाटात तोंडी शब्दाचे काय होत असेल याची कल्पना करता येते. ३१ डिसेंबर २०२३ रोजी पहाटे वाळूज औद्योगिक क्षेत्रातील हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार जळून मरण पावले. जेथे अनेक प्रांतांचे कामगार काम करतात व राहतात, तेथे विमोचकाची हाकसुद्धा एकाहून अधिक भाषांत कळली पाहिजे.

दिशांच्या बाबतीत उपाय सोपा आहे. इमारतीच्या दर्शनी बाजूला ‘एक’ म्हणावे आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढील बाजूंना ‘दोन’, ‘तीन’, ‘चार’. हे चार अंक मराठी, हिंदी व दखनीत जवळजवळ सारखेच आहेत, आणि बोलणाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर त्यांचा अर्थ अवलंबून नाही. नळकांडीतील दाब सांगताना मात्र पूर्ण संख्या टाळावी. ‘साठ’, ‘सात’ आणि ‘आठ’ गोंगाटात एकमेकांत मिसळतात. ‘दीडशे’ हा शब्द ‘डेढ सौ’ म्हणणाऱ्याला थबकवितो. अंक सुटे सुटे उच्चारणे, एक-पाच-शून्य, हीच रीत बरी. नळकांडीतील दाब सुमारे ५० बारपर्यंत उतरला की श्वसनयंत्राची शिट्टी आपोआप वाजू लागते. पण ती ऐकू येण्याच्या आतच बाहेरच्या फलकाला दाब बिनचूक कळलेला असणे इष्ट.

७

आज्ञार्थाचा आणखी एक पैलू सामाजिक आहे. मराठीत आज्ञा देताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड टाळता येत नाही. वरिष्ठ कनिष्ठाला ‘थांब’ म्हणू शकतो. कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवावयाचे तर त्याला आधी ‘साहेब’ म्हणावे लागते, मग कारण सांगावे लागते, आणि शेवटी विनंती करावी लागते. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत या आदराची किंमत काही सेकंदांत मोजावी लागते. शिवाय पुष्कळदा तो बोलतच नाही. शिडीचा पाय सरकतो आहे, छताचा गिलावा गळतो आहे, हे सर्वांत आधी पाहणारा बहुधा सर्वांत कनिष्ठ असतो, कारण तो सर्वांत पुढे किंवा सर्वांत खाली उभा असतो.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागून ती कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलातील चार वरिष्ठ अधिकारी त्यात गेले. कोसळणारी इमारत अधिकार पाहत नाही; तेव्हा सावध करणाऱ्या शब्दानेही तो पाहता कामा नये. यासाठी सराव थांबविणारा एक शब्द असा हवा की ज्याला लिंग नाही, वचन नाही आणि आदरार्थी रूपही नाही. क्रियापदापेक्षा नाम येथे उपयोगी पडते. ‘खतरा’ हा शब्द तीनदा उच्चारला की जो जेथे असेल तेथे थांबेल, मग उच्चारणारा कालचा प्रशिक्षार्थी का असेना, आणि त्याचा अंदाज चुकला तरी त्याला त्याबद्दल बोल लावला जाणार नाही. तीनदा उच्चारण्याची युक्ती जुनीच आहे. विमानांसाठी १९२३ च्या सुमारास क्रॉयडन येथे योजिलेला ‘मेडे’ हा शब्द, मुळात ‘मला मदत करा’ या फ्रेंच उक्तीवरून घेतलेला, याच रीतीने बोलला जातो.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की आगीपुढे शब्दांची चिकित्सा करण्यास वेळ नसतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच ती चिकित्सा आगीपूर्वी, प्रशिक्षणाच्या मैदानावर झाली पाहिजे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. डच वैमानिकाच्या ‘आता उड्डाणाशी आहोत’ अशा आशयाच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ नियंत्रकाने निराळा घेतला, हे तिच्या कारणांपैकी एक होते. त्यानंतर उड्डाणाचा तो शब्द परवानगी देण्याघेण्याच्या क्षणाखेरीज अन्यत्र वापरावयाचा नाही असे ठरले, आणि मिळालेली आज्ञा जशीच्या तशी परत म्हणण्याची शिस्त अधिक कडक झाली. विमानवाहतुकीने आपले शब्द अशा रीतीने बांधून घेतले; अग्निशमनालाही ते अशक्य नाही.

दुसरा आक्षेप भाषाशुद्धीच्या बाजूने येईल. इंग्रजी आज्ञा काढून शुद्ध मराठी आज्ञा घडवाव्यात, असा आग्रह धरला जाईल. परंतु येथे शुद्धता हा निकष नव्हे. मराठीने ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला असे मानतात, आणि आगीचा बंब आज कोणालाही परका वाटत नाही. ‘होज’, ‘पंप’, ‘वॉटर ऑन’ रुळले आहेत, त्यांना हलविण्याने नवा गोंधळ मात्र होईल. प्रत्येक शब्दाला एकच अर्थ आहे काय, तो अर्धा तुटला तर उलटा होतो काय, आणि तेथे उभ्या असलेल्या सर्वांना तो कळतो काय, या तीन कसोट्या पुरेशा आहेत.

त्यांच्या आधारे प्रशिक्षणाच्या मानकात पुढील गोष्टींचा समावेश करता येईल. आज्ञांची संख्या मर्यादित ठेवून त्यांची अर्थासह छापील सूची प्रत्येक प्रशिक्षार्थीला पहिल्याच दिवशी द्यावी. अनेकार्थी क्रियापदे आणि निषेधवाचक आज्ञा तीतून वगळाव्यात. आज्ञा मिळालेल्याने ती पालनापूर्वी मोठ्याने परत म्हणावी. प्रत्येक सूची प्रथम शांततेत, नंतर पंप चालू असताना, आणि शेवटी मुखवटा घालून व अंधारात ऐकवून तपासावी. जो शब्द तिसऱ्या पायरीवर चुकीचा ऐकला जाईल तो बदलावा. बाहेर येण्याचा संकेत आवाजाचा असावा, शब्दाचा नव्हे, आणि तो दर सरावापूर्वी वाजवून दाखवावा. सराव थांबविण्याचा शब्द सर्वांच्या अधिकाराचा असावा.

यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. विद्यापीठांतील भाषाविभागांना मात्र यात करण्यासारखे काम आहे : गोंगाटात कोणते मराठी शब्द एकमेकांसारखे ऐकू येतात, याचे पद्धतशीर श्रवणप्रयोग करणे आणि त्यांचे निष्कर्ष प्रशिक्षण केंद्रांच्या हाती देणे. ध्वनिविचार आणि अर्थविचार हे विषय पदव्युत्तर वर्गात शिकविले जातात ते परीक्षेपुरते राहू नयेत. पडेगावच्या ढिगावर उभ्या असलेल्या जवानाला त्यांची नावेही माहीत असण्याची गरज नाही. खालून आलेला शब्द त्याला अर्धाच ऐकू आला तरी त्याचा पाय मागेच पडला, एवढे साधले म्हणजे झाले.